फॅक्स अडतो कुठे?

२१ नोव्हेंबर २०१८ची संध्याकाळ. जम्मू-काश्मीरच्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती श्रीनगरहून जम्मूच्या राजभवनाला एक पत्र फॅक्सने पाठवू पाहत होत्या. सरकार स्थापनेचा दावा सांगणारं ते पत्र होतं. फॅक्स काही जाईना. अखेर त्यांनी ते पत्र ट्विटरवर टाकलं. त्याच रात्री राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी विधानसभा बरखास्त केली. ईदची सुट्टी असल्याने फॅक्स घ्यायला कचेरीत कुणी नव्हतं, असं राज्यपालांनी नंतर सांगितलं. पत्र मिळालं असतं तरी निर्णय तोच झाला असता, असंही ते म्हणाले.

राजकारण बाजूला ठेवू. पण त्या दिवशी साऱ्या देशाला दोन गोष्टी कळल्या. एक, फॅक्स अजून जिवंत आहे. दोन, फॅक्स पाठवणं आणि फॅक्स पोहोचणं यांत बरंच अंतर आहे. या अंतरात तीन ठिकाणी घोडं अडू शकतं. पाठवणाऱ्याच्या टोकाला, मधल्या वाटेवर आणि घेणाऱ्याच्या टोकाला. कंपनीसाठी फॅक्स सर्व्हर घेणारे बहुतेक जण पहिल्या टोकाचाच विचार करतात आणि पैसेही तिथेच खर्च करतात. ज्या कंपनीचे फोन इंटरनेटवरून चालतात, तिथे खरी अडचण असते ती मधल्या वाटेवर. आज त्या वाटेचीच माहिती करून घेऊ.

अजून फॅक्स? कशासाठी?

'आता फॅक्स कोण वापरतं?' असं आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल. एसटीडी-पीसीओच्या काचेच्या खोलीत पानामागे पैसे मोजून पाठवलेला फॅक्स आणि काही महिन्यांत अक्षरं उडून जाणारा तो गुळगुळीत कागद, एवढीच आपली आठवण. तारसेवाही जुलै २०१३मध्ये बंद झाली, मग फॅक्स कसा उरला?

तो उरला, कारण जगातली काही मोठी क्षेत्रं त्याला सोडायला तयार नाहीत. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला जानेवारी २०१९पासून नवी फॅक्स यंत्रं विकत घ्यायला बंदी करावी लागली. जपान सरकारने २०२१ साली आपल्या मंत्रालयांतून फॅक्स हद्दपार करायचं ठरवलं, तर खुद्द सरकारी खात्यांकडूनच आक्षेपांचा ढीग आला. अमेरिकेत तर डॉक्टर, प्रयोगशाळा, औषधाची दुकानं आणि विमा कंपन्या यांच्यातली बरीच कागदपत्रं आजही फॅक्सने फिरतात.

इथेच आपला संबंध येतो. अमेरिकी डॉक्टरांची बिलं आणि विम्याचे कागद हाताळणाऱ्या कंपन्या पुणे, हैदराबाद, चेन्नई अशा शहरांत आहेत. आपल्या घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी तिथे संध्याकाळच्या पाळीला जात असेल. तिकडे महागड्या तपासणीला किंवा शस्त्रक्रियेला विमा कंपनीची आगाऊ मंजुरी लागते. त्यासाठीचे कागद अनेकदा फॅक्सनेच जातात. पंधरा पानांच्या फॅक्समधलं अकरावं पान अडलं, तर प्रकरण अपुरं ठरतं आणि तिकडे एखाद्या आजीबाईंची गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. त्यामुळे पान पोहोचलं की नाही, हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा छोटा नाही.

बोलणं चालतं, फॅक्स का चालत नाही?

फॅक्सची कल्पना टेलिफोनपेक्षा जुनी आहे. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन यांनी तिचं पेटंट १८४३ साली घेतलं, टेलिफोनचं पेटंट झालं १८७६ साली. आज कचेऱ्यांत चालणारा फॅक्स ज्या नियमांवर चालतो, ते ग्रुप थ्री नावाचे नियम १९८०चे आहेत. म्हणजे तांब्याच्या तारा डोळ्यांसमोर ठेवून केलेले.

या नियमांनुसार दोन यंत्रं एकमेकांशी चक्क शिट्ट्यांच्या भाषेत बोलतात. फोन लावणारं यंत्र दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद 'पीं' करतं. उचलणारं यंत्र त्याहून उंच सुरात उत्तर देतं. मग 'तुला किती वेग झेपतो?', 'कागदाचा आकार काय?' अशी चौकशी होते आणि पान सुरात बदलून पाठवलं जातं. प्रत्येक पानानंतर 'मिळालं का?' असं विचारलं जातं. उत्तर वेळेत आलं नाही, तर यंत्र आणखी दोनदा विचारतं आणि फोन ठेवून देतं. माणसासारखं 'हॅलो हॅलो' करत बसायची त्याला सवय नाही.

आता इंटरनेट टेलिफोनी पाहा. इथे आवाजाचे बारीक तुकडे करून ते पाकिटांत भरले जातात. साधारणपणे एका सेकंदाच्या आवाजाची पन्नास पाकिटं होतात. एखादं पाकीट वाटेत हरवतं, एखादं उशिरा येतं. शंभरातलं एक पाकीट हरवलं, म्हणजे दर दोन सेकंदांनी एक, तरी बोलणाऱ्याला पत्ता लागत नाही. आपला कान आणि मेंदू मिळून ती फट भरून काढतात.

फॅक्सला मात्र कान आहे, मेंदू नाही. सेकंदाला १४,४०० बिट या वेगाने पान जात असेल, तर एका पाकिटात २८८ बिट असतात. ते हरवले की पानावरच्या ओळी गेल्या. पान जायला एक मिनिट लागलं आणि दर दोन सेकंदांनी एक पाकीट गळलं, तर तीस ठिकाणी भोकं पडली. चूक सुधारणारी सोय चालू असेल, तर यंत्र बिघडलेला भाग पुन्हा मागतं. पण तो येतानाही पाकिटं हरवत असतील, तर मागून मागून दमतं आणि संबंध तोडतं.

दुसरी गोम आवाज आवळण्यात आहे. नेटची जागा वाचावी म्हणून अनेक कंपन्या आवाज दाबून पाठवतात. जी ७११ या पद्धतीत आवाज जवळपास जसाच्या तसा, सेकंदाला ६४,००० बिट घेऊन जातो. जी ७२९ या पद्धतीत तोच आवाज ८,००० बिटांत बसवतात. ही किमया साधते, कारण माणसाचा गळा कसे आवाज काढतो, याचा अंदाज त्या पद्धतीला असतो. फॅक्सची शिट्टी काही माणसाच्या गळ्यातून निघत नाही. त्यामुळे पलीकडे पोहोचतं ते भलतंच काहीतरी. बोलण्यासाठी उत्तम असलेली लाइन फॅक्ससाठी निरुपयोगी ठरते ती अशी.

ही अडचण फक्त मोठ्या कंपन्यांची नाही. आपल्या घरची तांब्याची तार जाऊन फायबर आलं असेल आणि फोन त्या फायबरच्या डब्याला जोडलेला असेल, तर आपला लँडलाइनही आता इंटरनेट टेलिफोनीच्याच जातीचा झाला आहे. जुनं फॅक्स यंत्र त्याला लावून 'कालपर्यंत तर चालत होतं' म्हणणाऱ्यांच्या अडचणीचं मूळ अनेकदा इथे असतं.

टी ३८ : वाटेवरचा दुभाषी

यावर उपाय निघाला तो १९९८ साली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने टी ३८ नावाचे नियम मंजूर केले. कल्पना साधी आहे. शिट्टी पाकिटात भरायचीच नाही. आपल्या टोकाला बसलेला दुभाषी शिट्टी ऐकतो, तिचा मजकूर काढतो आणि फक्त मजकूर इंटरनेटवरून पाठवतो. प्रत्येक पाकिटात आधीच्या पाकिटाची नक्कलही ठेवता येते, म्हणजे एखादं हरवलं तरी पुढच्यातून ते मिळतं. पलीकडचा दुभाषी मजकुराची पुन्हा शिट्टी करतो आणि समोरच्या यंत्राला ऐकवतो.

पण यात एक मेख आहे. दुभाषी वाटेवरच्या प्रत्येक टप्प्याला असावा लागतो. आपला सर्व्हर टी ३८ बोलतो, राउटरलाही ते कळतं, पण फोनची लाइन देणारी कंपनी ते पुढे नेत नसेल, तर आपला सर्व्हर कितीही महाग असो, मधल्याला न कळणारी भाषा बोलून काय उपयोग? शिवाय लाइन देणारी कंपनी आपला कॉल पुढे तिसऱ्याच कंपनीकडे सोपवते, तीही चौथीकडे. परदेशी कॉलला तर हे हमखास होतं. म्हणून 'आमच्याकडे टी ३८ आहे' हे उत्तर ऐकून समाधान मानू नका. 'ज्या देशात मला फॅक्स पाठवायचे आहेत, तिथपर्यंत ते टिकतं का?' हा खरा प्रश्न आहे.

सर्व्हर म्हणजे काय आणि कोणता?

फॅक्स सर्व्हर म्हणजे कचेरीतलं छोटं टपालघरच. कर्मचारी आपल्या टेबलावरून, पत्र छापायला पाठवावं तसा किंवा ई-मेलने फॅक्स सोडतो. सर्व्हर तो रांगेत लावतो, नंबर फिरवतो, समोरचा नंबर गुंतलेला असेल तर पुन्हा प्रयत्न करतो आणि काय झालं ते कळवतो. येणारा फॅक्स चित्ररूपात संबंधिताच्या ई-मेल पेटीत पडतो. प्रत्येक विभागाला वेगळा थेट नंबर दिला, तर कुणाचा फॅक्स कुणाकडे जायचा हे आपोआप ठरतं. यंत्राच्या ट्रेमध्ये कुणा रुग्णाचा अहवाल दिवसभर उघडा पडून राहत नाही.

बाजारात तीन वाटा आहेत. पहिली, विकत घ्यायचा तयार सर्व्हर. ओपनटेक्स्टचा राइटफॅक्स किंवा जीएफआयचा फॅक्समेकर ही यातली जुनी नावं. मोठ्या कंपनीला, जिथे रोज शेकडो पानं जातात आणि हिशेब ठेवावा लागतो, तिथे ही वाट शोभते.

दुसरी वाट फुकटच्या सॉफ्टवेअरची. हायलाफॅक्स हे नव्वदच्या दशकापासून चालत आलेलं, भरवशाचं सॉफ्टवेअर आहे. मात्र ते मुळात मोडेमशी बोलायला शिकलेलं असल्याने इंटरनेट लाइनसाठी मध्ये सॉफ्टवेअरचा मोडेम बसवावा लागतो. ज्या कंपनीची फोनव्यवस्था ॲस्टरिस्क या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते, तिला त्यातच फॅक्सची सोय जोडता येते. पैसे वाचतात, पण जाणकार माणूस हाताशी हवा. तो नोकरी सोडून गेला, तर 'फुकट' फार महाग पडतं.

तिसरी वाट भाड्याची. सर्व्हर घ्यायचाच नाही. फॅक्स सेवा देणाऱ्या कंपनीला ई-मेलने कागद पाठवायचे, ती पुढे फॅक्स करते. दिवसाला वीस-पंचवीस पानं असतील, तर बहुतेकांना हेच परवडेल. मात्र आपले कागद परक्याच्या सर्व्हरवरून जातात. रुग्णांची माहिती असेल, तर ते किती दिवस तिथे राहतात, पुसले कधी जातात आणि करारात त्याबद्दल काय लिहिलं आहे, हे वाचूनच सही करावी.

लाइन किती घ्यायच्या?

विक्रेते इथे हमखास जास्त विकतात, तर गिऱ्हाईक हमखास कमी घेतं. साधा हिशेब करा. समजा, दिवसाला ३०० पानं आहेत आणि सगळं धरून पानाला एक मिनिट लागतं. म्हणजे ३०० मिनिटं, पाच तास. आठ तासांच्या पाळीत एक लाइन पुरेल, असं वाटतं. पण न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. तिकडची दारं उघडली की फॅक्सची झुंबड उडते. ३००पैकी १५० पानं पहिल्या दोन तासांत आली, तर १२० मिनिटांत १५० मिनिटांचं काम बसवायचं. एक लाइन अपुरी, दोन तरी लागतातच. त्यात काही फॅक्स पुन्हा पाठवावे लागतात. तेव्हा तीन लाइन घेतलेल्या बऱ्या. दिवसाची सरासरी बघू नका, गर्दीचा तास बघा.

घेण्याआधी आजमावून पाहा

शितावरून भाताची परीक्षा होते, पण एका पानावरून फॅक्सची होत नाही. विक्रेता एक कोरंसं पान पाठवून दाखवतो, ते झटकन जातं आणि आपण खूश होतो. खरी परीक्षा अशी घ्या. दहा-वीस पानांचा जुडगा करा. त्यात शिक्का, हस्ताक्षर, बारीक छपाईचा तक्ता आणि एखादं काळंभोर छायाचित्र असू द्या. हा जुडगा ज्या गावांत आणि देशांत आपलं खरं काम आहे, तिथल्या ओळखीच्या नंबरांना, तिथल्या लोकांना आधी सांगून, वेगवेगळ्या वेळी आठवडाभर पाठवा. तिकडूनही मागवा, कारण पाठवणं चालतं तिथे घेणं चालेलच असं नाही. किती गेले, किती अडले आणि कोणत्या पानावर अडले, हे वहीत लिहा. लांब फॅक्स मध्येच तुटत असतील, तर दोष बहुधा लाइनचा असतो, सर्व्हरचा नव्हे.

अडचण आलीच, तर आधी साधे उपाय करा. वेग १४,४०० वरून ९,६०० वर आणा. पान थोडं सावकाश जाईल, पण जाईल. फॅक्सच्या लाइनवर आवाज आवळणं आणि शांततेच्या वेळी पाकिटं थांबवणं, या दोन्ही सोयी बंद करायला सांगा. राउटरमध्ये फोन आणि फॅक्सच्या पाकिटांना आधी वाट मिळेल, अशी व्यवस्था करा, नाहीतर कुणीतरी मोठी फाइल उतरवायला घेतो आणि फॅक्स मधेच तुटतो. आणि सर्व्हर, राउटर, फायबरचा डबा, सगळं बॅटरीवर ठेवा. जुन्या फोनला टेलिफोन खात्याकडून तारेतूनच वीज मिळायची. या व्यवस्थेत वीज गेली की फोनही गेला.

कायदा आणि कुलूप

भारतात इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ रोजी. इंटरनेटवरून साध्या फोनला कॉल लावण्याची वाट २०१८मध्ये अधिक मोकळी झाली. पण परवाना लागतोच. 'अर्ध्या दरात परदेशी लाइन देतो' म्हणणारा बिनपरवान्याचा माणूस भेटला, तर त्याला दारातूनच नमस्कार करा. उद्या पोलीस आले, तर ते आपल्याकडेही येतील.

सुरक्षिततेबद्दलही थोडं. फॅक्स म्हणजे सुरक्षित, ही समजूत आता पुरेशी नाही. चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिलं, की एका नामवंत कंपनीच्या छपाई-फॅक्स यंत्राचा केवळ फॅक्स नंबर माहीत असेल, तर खास बनवलेला फॅक्स पाठवून त्या यंत्राचा आणि त्यातून कचेरीच्या नेटवर्कचा ताबा घेता येतो. त्या कंपनीने दुरुस्ती दिलीही. पण दुरुस्ती बसवायची तर आपणच. सर्व्हरचे पासवर्ड बदला आणि जिथे काम नाही त्या देशांचे कॉल बंद करून ठेवा, नाहीतर चोर रातोरात आपल्या लाइनवरून परदेशी फोन फिरवतात आणि बिल आपल्या नावावर येतं. नेहमीचे नंबर यादीत साठवा. एक आकडा चुकला, तर एखाद्याचा आजार भलत्याच्या हातात पडतो.

विक्रेत्याला हे सात प्रश्न विचारा

१. टी ३८ सर्व्हर, राउटर आणि लाइन देणारी कंपनी, तिघांकडेही आहे का? लेखी द्याल का?
२. ज्या देशांत माझं काम आहे, तिथे आठवडाभर चाचणी घेऊ द्याल का?
३. टी ३८ जमलं नाही, तर फॅक्स आपोआप जी ७११ वर जाईल का?
४. फॅक्स अडला, तर कुणाला, किती वेळात कळेल?
५. परवाना एकावेळी चालणाऱ्या लाइनवर आहे की वापरणाऱ्यांच्या संख्येवर? पुढे वाढवायला किती पडेल?
६. जुने फॅक्स कुठे साठतात, कोण उघडू शकतं, कधी पुसले जातात?
७. फॅक्स तुटला, तर दोष शोधायचं काम कुणाचं? सर्व्हरवाल्याचं की लाइनवाल्याचं?

सातव्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पुढे दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील, हे पक्कं.

'ओके'चा अर्थ

शेवटी सर्वांत महत्त्वाचं. जुन्या यंत्रातून 'ओके' छापलेली पट्टी यायची आणि आपण निर्धास्त व्हायचो. तिचा अर्थ एवढाच होता, की समोरच्या यंत्राने पानं स्वीकारली. कुणी वाचली, असा तिचा अर्थ तेव्हाही नव्हता. भाड्याच्या सेवेत तर 'पाठवला' याचा अर्थ कधीकधी 'आम्ही रांगेत लावला' एवढाच असतो. तेव्हा सर्व्हर घेताना 'रांगेत', 'पोहोचला' आणि 'अडला' हे तीन शेरे तो वेगवेगळे दाखवतो का, हे तपासा. अडलेल्या फॅक्सची यादी रोज पाळी संपण्यापूर्वी पाहायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका. तो रजेवर गेला, तर कोण, हेही ठरवून ठेवा. जमल्यास एक साधी तांब्याची लाइन आणि एक जुनं यंत्र अडीअडचणीसाठी राहू द्या.

म्हणजे क्रम असा. आधी आपला गर्दीचा तास मोजा, मग लाइन देणाऱ्या कंपनीची परीक्षा घ्या आणि त्या लाइनवर जो नीट चालेल तो सर्व्हर घ्या. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा होतो. आधी सर्व्हरची जाहिरात आवडते आणि लाइनचा विचार पहिला फॅक्स अडल्यावर सुरू होतो. तोवर तिकडे कुणाच्या तरी कागदावर 'अपूर्ण' असा शिक्का बसलेला असतो.